तक्रार क्रमांक एकतीस

आचाओच्या धक्क्यामागे, तिकीटघराच्या वरच्या खोलीत
यास्ना बार्रिआ लॅपटॉप उघडते.
शेगडीत ओलं लाकूड, धूर फार, धग कमी.
वादळात केबल तुटली त्याला आज चौथा दिवस,
म्हणून हे अवजार पेनड्राइव्हवर आलंय
केनाकच्या लाँचमधून, बटाट्याच्या पोत्यावर बसून.
सोबत दानित्साची चिठ्ठी:
एक ओळ लिही, एंटर दाब, झालं.

ती लिहिते. एंटर.
नमनालाच घडाभर तेल.
याला आधी ती लायब्ररी हवी,
तिला दुसरी, दुसरीला तिसरीची जुनीच आवृत्ती;
एकाला जेवायला बोलवावं
आणि त्यानं गावजेवणाची यादी काढावी.
बरं तर बरं, दानित्सानं सगळा गोतावळा भरून पाठवलाय.

मग, परवानगी नाही.
माझ्याच यंत्रावर मला?
यास्ना पासवर्ड देते. पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही,
अंधारात कुणाच्या तरी तळहातावर किल्ली ठेवावी तसं.

झालं म्हणे.
नाव घेऊन हाक मारली तर
अशी आज्ञा सापडली नाही.
घरात आहे, पण घराला पत्ता नाही.
वाटांच्या यादीत त्याची वाट लिहायची राहिलेली.
ती ओळ जोडते, काळी खिडकी मिटून पुन्हा उघडते,
हाक मारते.
ओ येते.

एकूण तक्रारी: शून्य.

शून्य!
तिला हसू येतं, धुरानं ठसकाही लागतो.
लाँचच्या वेळापत्रकाच्या या प्रोग्रॅमला
तक्रारी पाचवीलाच पुजलेल्या.
त्या सगळ्या रोसामेल ग्वेन्तेओच्या वहीत,
भरती-ओहोटीच्या तक्त्यांमागे,
चौकटीच्या कागदावर, मिठानं फुगलेल्या.
अकरा वर्षं सुकाणूवर, सात वर्षं या खुर्चीत,
की-बोर्डवर कायम दोनच बोटं.

ती एकेक उतरवते.
एक: एप्रिलात घड्याळ मागे घेतात त्या रात्री
मेउलीनची लाँच निघण्याआधीच पोहोचते.
चार: आडनावातल्या एन्येचं छापताना प्रश्नचिन्ह होतं.
मुन्योस बाई विचारते, माझ्यात शंका कसली?
नऊ: मेंढीला प्रवासी धरतो.
(पुढे शिसपेन्सिलीत: बरोबरच आहे.)
सतरा, अठरा. अठराची शाई गेलेली,
पान उजेडाशी तिरकं धरून वाचावी लागते.

एकतीस: गुडघा. डावा. पावसाआधी दुखतो.

आणि इथे पावसाआधी म्हणजे
रोजच.

कर्सर लुकलुकत राहतो.
ही काही प्रोग्रॅमची तक्रार नव्हे, गाळावी.
पण गाळली तर बत्तीसची एकतीस होईल,
आणि अडतिसाव्यात त्यानं लिहिलंय, पाहा बत्तीस,
एकेचाळिसात, पाहा अडतीस;
एक टाका उसवला की सगळी वीण सुटायची.
ती लिहिते. गुडघा. डावा.
प्राधान्य विचारतं यंत्र. ती लिहिते, मध्यम.
तो कधी कुरकुरला नव्हता.

बेचाळिसावर वही संपते.
मग ती मागे येते, एकतीस बंद करायला.
बंद का? यंत्र तीन पर्याय ठेवतं:
दुरुस्त झाली.
आधीच नोंदलेली.
करणार नाही.

ऑगस्टात त्याला टेकडीवर नेलं,
चिखल इतका की खांदेकऱ्यांतल्या दोघांचे बूट
तिथेच रुतून राहिले.
दुरुस्त?
ती पहिल्या पर्यायावर थोडी थांबते,
तिसऱ्यावर जरा जास्त,
आणि काहीच न निवडता बाहेर पडते.

खाली भोंगा वाजतो, मेउलीनची लाँच, वीस मिनिटं उशिरा.
जिन्याकडे जाता जाता ती वळते, उभ्यानंच टंकते,
त्रेचाळीस: इन्स्टॉल करायच्या चिठ्ठीत
वाटेची ओळ लिहायची राहून गेलीय.
नोंदवणार: यास्ना.
कुणाकडे: दानित्सा.

धक्क्यावर सात माणसं उतरतात आणि एक मेंढी.
ती आठ तिकिटं फाडते.